प्रस्तावना : पलटणीचे आडनाव

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, निवृत्त सुभेदारांच्या ओसरीवर बसून मला भारतीय सैन्याची रचना पहिल्यांदा नीट कळली. त्याआधी बरीच वर्षे मी वर्तमानपत्रात सैन्याच्या बातम्या लिहीत होतो, इतरांच्या तपासत होतो. बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन हे शब्द बेधडक वापरत होतो. कुठला शब्द कुठल्यापेक्षा मोठा एवढे पाठ होते, बाकी आनंदीआनंद. सुभेदारांनी परातीतल्या भाजलेल्या शेंगा फोडल्या, जुन्या वर्तमानपत्रावर दहा दाणे एका ओळीत मांडले आणि म्हणाले, "ही झाली सेक्शन. लढाईत जवानाला एवढंच जग दिसतं बघा. डावीकडचा आणि उजवीकडचा. दिल्ली, जनरलसाहेब, नकाशा, सगळं लांब राहतं." तशा तीन ओळींची प्लाटून झाली, तीन प्लाटूनींची कंपनी. पुढे दाणे पुरेनात. मग खडूने ओसरीवर चौकोन निघाले : चार रायफल कंपन्या, एक उखळी तोफा आणि क्षेपणास्त्रे सांभाळणारी, एक कचेरी, रसद आणि वायरलेस बघणारी. साधारण आठशे माणसांची पलटण ओसरीवर उभी राहिली. मधेच त्यांनी पहिल्या ओळीतला एक दाणा उचलून तोंडात टाकला. मी बघतच राहिलो.

"एक जण रजेवर गेला," ते म्हणाले. "आता नवानं भागवायचं. कागदावर दहा असतात, मोर्चावर दहा कधी नसतात."

हे पुस्तक त्या परातीपासून सुरू झाले म्हटले तरी चालेल.

मराठी वाचकाला सैन्याच्या कथा नव्या नाहीत. माणगावला गेलेल्या माणसाने नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा पाहिलेला असतो. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली, गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून दस्त्याने झुंजले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे आपल्याला ठाऊक असते. ते एकटे का होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. घाडगे एका सेक्शनचे नायक होते, आणि त्या सेक्शनमधले बाकीचे सगळे काही क्षणांपूर्वी मशीनगनच्या माऱ्यात ठार किंवा जखमी झाले होते. पुतळा एकाचा आहे, गोष्ट दहांची आहे. आपण शौर्य वाचतो आणि रचना सोडून देतो. मग अग्निपथ ही भरतीची योजना आली, थिएटर कमांडची चर्चा सुरू झाली, जातींच्या नावाच्या पलटणी ठेवाव्यात की मोडाव्यात असा वाद पेटला, की आपल्याकडे मत असते पण माहिती नसते. ही कमतरता थोडी भरून काढावी, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

गंमत म्हणजे यातले निम्मे शब्द आपल्याच घरातले आहेत. शिवकाळातल्या पायदळात नऊ-दहा पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार आणि वर हजारी, अशी उतरंड होती. घोडदळात सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचे घोडे घेऊन येणारा तो शिलेदार. जुमलेदार गेला, हजारी गेला. पण नाईक आणि हवालदार आजही हजेरी घेतात आणि आजही सेक्शन त्यांच्याच ताब्यात असते. शिलेदारी तर इंग्रजांनीही उचलली. त्यांच्या हिंदी घोडदळातल्या बऱ्याच रिसाल्यांत पहिल्या महायुद्धापर्यंत स्वार स्वतःचा घोडा आणि सामान घेऊन भरती होत असे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या आधुनिक युद्धात मेलेल्या घोड्याची भरपाई कोण करणार, हा प्रश्न सुटेना, आणि 1921 च्या सुमारास ती पद्धत मोडीत निघाली.

नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर ही मधली फळी मात्र खास इथली. इंग्रज अधिकाऱ्याला जवानाची भाषा येत नव्हती, गावची भांडणे कळत नव्हती, म्हणून मधे असा माणूस हवा होता जो दोघांनाही समजेल. आता अधिकारीही आपलेच आहेत. तरी ही फळी टिकली, कारण चोवीस-पंचवीस वर्षांचा लेफ्टनंट आणि त्याच वयाचा जवान यांच्यामध्ये वीस-पंचवीस वर्षांची नोकरी अंगावर असलेला एक माणूस लागतोच. बहुतेक प्लाटूनी आजही त्याच्याच ताब्यात असतात. माझ्या मते भारतीय सैन्याच्या रचनेतला हा सर्वांत शहाणा भाग आहे, आणि चित्रपटांत तो सर्वांत कमी दिसतो. तिथे सुभेदार एक तर विनोदी असतो, नाही तर मध्यंतराआधी मरतो.

आता रेजिमेंट आणि ब्रिगेड यांतला गोंधळ. तो मीही वर्षानुवर्षे केला. पाश्चात्त्य पुस्तके वाचून आपल्याला वाटते की बटालियनच्या वर रेजिमेंट आणि तिच्या वर ब्रिगेड. आपल्याकडे पायदळाची रेजिमेंट एकत्र लढायला जातच नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण सियाचीनच्या बाजूला असेल, दुसरी ईशान्येत, तिसरी एखाद्या शांत छावणीत. ब्रिगेडमध्ये तीन पलटणी असतात आणि त्या बहुधा तीन वेगळ्या रेजिमेंटच्या : एक मराठा, एक शीख, एक गोरखा, असा काहीसा मेळ. दोन-तीन वर्षांनी पलटण हलते, ब्रिगेड बदलते, डिव्हिजन बदलते. रेजिमेंट बदलत नाही. सुभेदारांना मी हे माझ्या शब्दांत सांगून बघितले : ब्रिगेड म्हणजे पत्ता, रेजिमेंट म्हणजे आडनाव. त्यांना ते पटले. आडनावावरून तुमची माणसे ओळखली जातात, तुमचे सणवार ठरतात, लग्नकार्याला कोण येणार हे ठरते. मराठा रेजिमेंटचा वर्धापनदिन 4 फेब्रुवारीला असतो, तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्याच्या स्मरणार्थ. त्या दिवशीच्या बडा खान्याला, म्हणजे अधिकारी आणि जवान एकत्र बसून जेवतात त्या पंगतीला, पंजाबी कर्नल आणि मल्याळी मेजरही 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी आरोळी देतात. अधिकारी कुठल्याही प्रांताचा असू शकतो; जवानांची भाषा त्याने शिकायची, अशी रीत आहे.

आडनावाला इतिहास असतो आणि तो नेहमीच सोयीचा असतो असे नाही. या रेजिमेंटच्या पहिल्या दोन पलटणी, 'जंगी पलटण' आणि 'काळी पाचवी', अनुक्रमे 1768 आणि 1769 मध्ये उभ्या राहिल्या त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडच्या मुलखाच्या राखणीसाठी. ज्या फौजेने पुढे पेशवाई बुडवली, त्याच फौजेच्या वारसदारांच्या रणघोषात आज छत्रपती आहेत. यात विसंगती शोधणाऱ्याला ती सापडेल. मला त्यात पलटण नावाच्या गोष्टीची पचनशक्ती दिसते. तिने मालक बदलले, गणवेश बदलले, शत्रूही बदलले. टिकून राहिली ती गावोगावची माणसे आणि त्यांच्यातला धागा.

पण धागा म्हटला की कोणाला ओवले आणि कोणाला वगळले हेही विचारावे लागते. या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण महार पलटणींवर आहे, आणि ते लांब झाल्याबद्दल मला खेद नाही. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. भीमा कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावे आहेत. 1857 नंतर इंग्रजांच्या डोक्यात 'लढाऊ जमाती'चे शास्त्र शिरले. 1885 ते 1893 या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स त्याचे मोठे पुरस्कर्ते. उत्तरेतले, विशेषतः पंजाबकडचे लोक लढवय्ये आणि दक्षिणेकडचे मऊ, असे ते शास्त्र सांगत होते. त्याच लाटेत 1892 च्या आसपास महारांची भरती बंद झाली. सैन्यातली नोकरी म्हणजे फक्त पगार नव्हता. हिंदी शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय छावणीत होती. जिथे गावची शाळा दाराबाहेर बसवत होती, तिथे छावणीची शाळा आत घेत होती. रामजी सकपाळ त्याच सैन्यात सुभेदार होते आणि सैन्याच्या शाळेत शिकवत होते. 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या छावणीत त्यांना जो मुलगा झाला, त्याच्या पुढच्या आयुष्याचा पाया या सोयीत किती होता हे वेगळे सांगायला नको. भरतीचा दरवाजा बंद झाला तेव्हा एका समाजाचा अक्षरओळखीचा रस्ताही बंद झाला. म्हणूनच गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारला जे अर्ज केले, त्यांत सैन्यभरतीची मागणी पुन्हा पुन्हा येते.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा ते शास्त्र गुंडाळून ठेवले गेले आणि 111 महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली. 1921 मध्ये पलटण मोडली. दुसरे महायुद्ध आले, 1941 मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण सुरू झाली. ती यावेळी टिकली. स्वातंत्र्यानंतर इतर अनेक समाजांचे जवान तिच्यात आले. जनरल कृष्णा राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख तिने दिले. श्रीलंकेत 1987 मध्ये लढताना पडलेले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन तिच्याच आठव्या पलटणीचे. नाव एका जातीचे, माणसे देशभरची : जुन्या नावाचे एवढे नवे उत्तर दुसऱ्या कुठल्या रेजिमेंटने दिले असेल असे मला वाटत नाही.

जातीवर भरती करायची नाही असे स्वतंत्र भारताने तत्त्व म्हणून लवकर ठरवले. 1949 मध्ये जनरल करिअप्पांच्या काळात ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी राहिली ती मुद्दाम सर्व प्रांतांच्या, सर्व समाजांच्या मिश्र भरतीची. तिचे केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे, हे बऱ्याच नागपूरकरांनाही माहीत नसते. जुन्या रेजिमेंटना मात्र हात लावला गेला नाही. कारण व्यवहाराचे होते : लढाईत जिंकणारी रचना कोण मोडणार? हा तिढा आजही सुटलेला नाही. आणि राज्यघटनेत याची एक चमत्कारिक बाजू आहे. वेठबिगारीला बंदी घालणारे कलम 23, त्याच्याच दुसऱ्या पोटकलमात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा सरकारला देते. अट एकच : तसे करताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांच्या आधारे भेदभाव करायचा नाही. म्हणजे उद्या सक्तीची लष्करी सेवा आलीच, तर तिथे जात बघता येणार नाही. स्वेच्छेच्या सैन्यात मात्र पलटणींना जातींची, प्रांतांची नावे आहेत.

सक्तीची वेळ आपल्यावर कधी आली नाही. इस्राएल, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड इथले तरुण कायद्याने गणवेश चढवतात. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या घरात माणसे सैन्यात गेली तीही स्वेच्छेने, निदान कागदावर. कागदावर म्हणतो, कारण दुष्काळी तालुक्यातल्या तिसऱ्या मुलाच्या स्वेच्छेत पोटाचा वाटा मोठा असतो. माण, खटाव, जत, आटपाडी या भागांना सैन्याची ओढ जास्त का, याचे उत्तर पराक्रमाच्या परंपरेइतकेच पर्जन्यमानाच्या तक्त्यात आहे. सक्तीच्या जरा जवळ आपण एकदाच गेलो. 1962 च्या पराभवानंतर 1963 मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, आणि 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. त्या पाच वर्षांत खाकी चढवलेले वाचक आज ऐंशीच्या आसपास असतील. बुटाला पॉलिश करण्याची आठवण त्यांच्याकडे नक्की असेल.

आजची स्वेच्छा पहाटे रस्त्यावर दिसते. कोरेगाव, वाई, कागल, शिराळा, कुठल्याही रस्त्याने पाच वाजता गाडी काढा. हेडलाइटमध्ये पळणारी पोरे दिसतात. त्यांच्या भाषेत याला 'सोळाशे मारणे' म्हणतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, की धावण्याचे पैकीच्या पैकी गुण, हा भरतीचा जुना हिशेब मुलांच्या अंगात इतका मुरला आहे की रस्त्यावरचा कुठला विजेचा खांब किती मीटरवर आहे हे त्यांना तोंडपाठ असते. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा याच पोरांनी मला विचारलेला प्रश्न साधा होता : "चार वर्षांनी काय?" साडेसतरा ते एकवीस वयात भरती, प्रशिक्षण धरून चार वर्षे नोकरी, त्यानंतर चारांतल्या एकालाच कायम करणार, बाकीच्यांना एकरकमी सेवानिधी. पेन्शन नाही.

या योजनेवर टोकाची मते खूप ऐकली. मी तिच्याकडे परातीतल्या दहा दाण्यांतून बघतो. निवृत्तिवेतनाचा बोजा खरा आहे आणि सैन्याचे सरासरी वय कमी असावे हेही खरे. अल्पकाळाची नोकरी ही नवी गोष्टही नाही : पूर्वी जवान सात वर्षे पलटणीत काढून पुढे राखीव यादीत जात असे. माझी शंका वेगळी आहे. एका सेक्शनमधल्या चार मुलांपैकी एकच टिकणार हे चौघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल, तर डावीकडचा आणि उजवीकडचा हे सोबती राहतात की स्पर्धक होतात? सुभेदार म्हणाले, "गोळी सुटली की स्पर्धा राहत नाही." त्यांनी गोळी ऐकली आहे, मी नाही. तरी शंका पुरती गेलेली नाही, आणि पुस्तकात ती मी झाकलेली नाही.

वरच्या मजल्यावरचा गोंधळ निराळा आहे आणि मला तो थोडा करमणुकीचाही वाटतो. देशाची पूर्व दिशा कुठे आहे? भूदलाला विचाराल तर कोलकाता, हवाई दलाला विचाराल तर शिलाँग, नौदलाला विचाराल तर विशाखापट्टणम. तिन्ही ठिकाणी 'ईस्टर्न कमांड'च्या पाट्या आहेत. दक्षिण दिशा भूदलाच्या लेखी पुण्यात सुरू होते, हवाई दलाच्या तिरुवनंतपुरमला, नौदलाच्या कोचीला. पुणेकरांना यात काही आश्चर्य वाटणार नाही. भूदलाच्या सात, हवाई दलाच्या सात आणि नौदलाच्या तीन अशा सतरा कमांड आपापला कारभार सांभाळतात. तिन्ही दलांची मिळून चालणारी पहिली कमांड 2001 मध्ये अंदमान-निकोबारला झाली. कारगिलनंतरच्या समीक्षेत पुढे आलेली एकाच सरसेनापतीसारख्या पदाची कल्पना प्रत्यक्षात यायला वीस वर्षे लागली : 1 जानेवारी 2020 रोजी जनरल बिपिन रावत पहिले चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ झाले. थिएटर कमांड करून तिन्ही दलांना एका छत्राखाली आणण्याचे काम तेव्हापासून चालू आहे. हे प्रकरण मी आटोपशीर ठेवले आहे. जे अजून घडतेच आहे, त्यावर पुस्तकात निकाल देऊ नये.

आणखी एक खुलासा. आपल्या बातम्यांत खाकी, हिरवा, निळा कुठलाही गणवेश दिसला की 'लष्कराचे जवान' असे छापून येते. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, भारत-तिबेट सीमा पोलीस ही दले गृहमंत्रालयाची आहेत, त्यांचे कायदे आणि निवृत्तीचे नियम वेगळे. पुलवामात 2019 मध्ये गेलेले जवान केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. त्यांचे बलिदान त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, पण त्यांच्या घरच्यांना पेन्शनच्या कचेरीत हा फरक फार लवकर कळतो. या दलांवर इथे एकच छोटे प्रकरण आहे. त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे, आणि ते माझ्याहून जास्त जाणणाऱ्याने लिहावे.

स्त्रियांच्या सैन्यसेवेवरचे प्रकरणही अपुरे आहे, कारण तो इतिहास आत्ता कुठे सुरू होतो आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली ती मे 2025 मध्ये. पायदळाची दारे अजून उघडलेली नाहीत.

पुस्तक क्रमाने वाचले पाहिजे असे नाही. घरात कुणी पलटणीत असेल तर आधी त्यांच्या रेजिमेंटचे पान काढा आणि त्यांना वाचून दाखवा. चुका ते सांगतील. ज्या सांगतील त्या प्रकाशकांच्या पत्त्यावर मला कळवा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन.

एक विनंती मात्र आहे. सुभेदारांच्या ओसरीवर काळी पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि पलटण. आत त्यांच्या वडिलांचे डिस्चार्ज बुक होते, इटलीहून आलेली चार पत्रे होती आणि एका बडा खान्याचा, कडा वाळवीने खाल्लेला फोटो. मिलिटरी अपशिंगे, सैनिक टाकळी यांसारख्या गावांतून अशा ट्रंका अजून शेकड्यांनी असतील. तुमच्या घरी असेल, तर ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी उघडा, कागदांचे फोटो काढून ठेवा आणि फोटोतल्या माणसांची नावे, सांगणारे कुणी हयात आहे तोवर, मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून घ्या.